मांडव आपल्याच रानाचा



लग्नगडी म्हणजे काय, ते म्हाताऱ्यांना विचारा. लग्नापुरतं कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं सावकाराकडं राबायची. 1945 साली वारली उठले तेव्हा ती वेठ मोडली.

आता उधारी डीजेची, मंडपाची. वर थर्माकोलच्या ताटल्या ओढ्यात, त्या गुरांच्या पोटात जातात.

आम्ही पाड्यावर ठरवलंय: मांडव बांबूचा, चौक तांदळाच्या पिठाचा, लग्न लावायला धवलेरी, वाजवायला ढोल. घरटी पायलीभर तांदूळ. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. गार्डनं अडवलं तर 2006 चा वनहक्क कायदा सांगा. बांबू, पानं गौण वनोपज आहेत, त्यावर आपली मालकी आहे. फक्त कोवळं झाड ओरबाडू नका. आणि शिमग्याला पळस पानं टाकतो, तेव्हा पत्रावळी त्याआधीच शिवून ठेवा.