न कळणाऱ्या शब्दांचे पुस्तक



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की आम्ही किमान वेतनावर बोलू, नाही तर कंत्राटी कामगारांवर. आम्ही एका कादंबरीचे नाव सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मोठ्या सभ्यपणाने म्हणाले, "कामगार-जीवनावरची असेल." नाही. परग्रहावरची आहे. इंग्रजीत आहे, नऊशेहून अधिक पानांची आहे, आणि तिच्यात पानोपानी असे शब्द आहेत की जे आपल्या कोणत्याही कोशात सापडावयाचे नाहीत, कारण ते लेखकाने स्वतः घडविलेले आहेत.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे झाले ते लेथवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर. हे पुस्तकही अशा गाड्यावरच मिळाले. खरे सांगावयाचे तर जाडी पाहून घेतले. रुपयाला पाने पुष्कळ पडत होती. तेव्हा आज आम्ही जे बोलू ते टीकाकाराचे विवेचन समजू नये. सहा माणसांनी चौदा महिने, दर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत बसून एक पुस्तक कसे वाचले, त्याची ही हकीगत आहे.

पुस्तकाचे नाव 'ॲनाथेम'. लेखक नील स्टीफन्सन, अमेरिकेतले. प्रसिद्ध झाले २००८ साली. अडथळा नावापासूनच सुरू होतो. इंग्रजीत स्तोत्राला एक शब्द आहे आणि धर्मबहिष्काराला दुसरा; दोन्हींना एकमेकांत गुंफून लेखकाने हा तिसरा केला. मठातून एखाद्याला कायमचे बाहेर घालवताना सर्वांनी मिळून जे गावयाचे ते ॲनाथेम.

मठ म्हणालो, तो कसला? आर्ब नावाचा एक ग्रह आहे. आपल्या पृथ्वीसारखाच, पण पृथ्वी नव्हे. तेथे गणित करणारी, विचार करणारी माणसे भिंतीआड राहतात. काही मठांच्या वेशी वर्षातून एकदा उघडतात, काहींच्या १० वर्षांतून, काहींच्या १०० वर्षांतून आणि काहींच्या १००० वर्षांतून एकदाच. उघडल्या की दहा दिवस उघड्या. आतल्या माणसाच्या मालकीच्या वस्तू तीन: अंगावर गुंडाळायचे एक कापड, एक दोर आणि एक गोळा. मधोमध प्रचंड घड्याळ, आणि त्याला रोज माणसांनी आपल्या अंगबळाने चावी द्यावयाची. कथा सांगणारा तरुण एरॅस्मस हा चावी देणाऱ्या चौघांपैकी एक. (असे घड्याळ ही निव्वळ कल्पना नाही. अमेरिकेत डॅनी हिलिस यांनी दहा हजार वर्षे चालावे असे घड्याळ आखले, आणि त्याच विचारातून ही कादंबरी निघाली.)

आता पहिल्या रविवारचे ऐका. आम्ही इंग्रजी वाक्य वाचावयाचे आणि लगेच मराठीत सांगावयाचे, असा बेत होता. पहिल्याच पानावर एक वृद्ध मठवासी बाहेरून कामाला आलेल्या कारागिराला प्रश्न विचारतो आहे. प्रश्नांची यादी कित्येक शतकांपूर्वीची. पहिला प्रश्न असा, की तुमच्याकडे शेजारी शेजाऱ्याला जिवंत जाळतात काय? कारागीर चक्रावतो. आम्हीही चक्रावलो. दोन तासांत दोन पाने झाली. मग ध्यानात आले की पुस्तकाच्या शेवटी लेखकाने या सर्व शब्दांची अर्थासह यादी दिलेली आहे. आम्ही आनंदाने ती उघडणार, तोच मामांनी पुस्तकावर पंजा ठेवला.

मामा म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील, निवृत्त टर्नर. ते म्हणाले, "मी पहिल्या दिवशी खात्यात आलो तेव्हा मुकादमाने सांगितले, दोन सूत घे. मी स्टोअरात जाऊन दोऱ्याचे रीळ घेऊन आलो. सगळे खाते हसले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्या दिवशी कळले ते आजतागायत विसरलो नाही. यादी दिली असती तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरलो असतो." झाले. नियम ठरला: शब्द अडला तर खाली पेन्सिलीने रेघ ओढावी, पुढे जावे, तो तीन वेळा भेटेपर्यंत शेवटची पाने उघडू नयेत.

आणि चमत्कार असा की शब्द उलगडू लागले. मठाला मूळ पुस्तकात जो शब्द आहे तो 'मॅथ'. इंग्रज वाचकाला त्यात गणित दिसते. आम्हांस काय दिसले? आपला 'मठ' रोमन लिपीत लिहिला तर अक्षरे हीच येतात! थोर ज्ञात्यांना ते 'सॉन्ट' म्हणतात. मूळ शब्द विद्वान या अर्थाचा 'सॅव्हंट'. दगडावर नावे कोरताना यू आणि व्ही या अक्षरांची गल्लत झाली, म्हणून 'सॉन्ट' झाला, आणि काही लोक तर त्याला चुकीने 'संत' म्हणतात, असे लेखकाने आपल्या कल्पित कोशात नोंदले आहे. ते वाचून आमची सभा पाच मिनिटे थांबली. पंढरीच्या वाटेवरचा शब्द त्या परग्रहावर चुकीचा का होईना, पण पोहोचला होता. खिशात बाळगावयाच्या फोनला तेथे 'जीजा' म्हणतात. आमच्या पॅकिंग खात्यातल्या बाईंनी त्या दिवसापासून आपल्या फोनला तेच नाव ठेवले.

एका गोष्टीची मात्र आम्ही तेथल्या तेथे नोंद केली. अक्षरांच्या त्या घोटाळ्याला तेथील विद्वानांनी दिलेले नाव काय, तर 'आळशी पाथरवटाची समस्या'. बारा तास टाकी मारणाऱ्याला आळशी म्हणावे ते सावलीत बसलेल्यानेच! विद्वान परग्रहावरचे झाले तरी ही खोड सुटत नाही.

पण खरा खटका उडाला तो 'स्लाइन' या शब्दावर. हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा नियमाप्रमाणे अर्थ पाहिला. तळची रेघ या अर्थाच्या 'बेसलाइन' या शब्दाचे डोके उडवून तो केलेला. अर्थ असा की भिंतीबाहेरचा तळाचा माणूस. शिक्षण नाही, कसब नाही, आणि पुढे काही होईल अशी अपेक्षाही नाही. कोणी बोलेना. मग आमच्यातला आयटीआय झालेला तरुण फिटर म्हणाला, "म्हणजे आपणच की." आणि पॅकिंगच्या बाई म्हणाल्या, "आमची कुचेष्टा करणारे पुस्तक आम्ही रविवार मोडून का वाचावे?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. लेखकाचे मन भिंतीआडच्या माणसांत रमलेले आहे, हे उघड आहे. तथापि त्याच्याच पुस्तकात एरॅस्मसची बहीण कॉर्ड आहे. ती भिंतीबाहेरची, आणि धंद्याने मशीनिस्ट. वेशी उघडल्यावर भाऊ तिला भेटतो. ती लोखंड कातणारी, आपले हत्यार ओळखणारी मुलगी आहे, आणि पुढच्या प्रवासात ती सोबत नसती तर या गणितज्ञांचे पानोपानी अडले असते. ती आली आणि आमचा तरुण फिटर पुन्हा खुर्ची पुढे ओढून बसला.

दुसरा तोडगा मामांनी काढला. पुस्तकाच्या शेवटी जी तीन टिपणे जोडली आहेत, त्यांतले पहिले चौकोनी केक कापण्यावर आहे. चौकोन दिला आहे, त्याच्या बरोबर दुप्पट क्षेत्रफळाचा चौकोन कसा काढावा? बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून ते चालत नाही. हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस तो एका गुलाम मुलाला घालतो, आणि चुकत चुकत तो मुलगा उत्तरापर्यंत येतो. मामांनी प्लेटो वाचलेला नव्हता. त्यांनी पत्र्याचा एक चौकोनी तुकडा आणला, चारही कोपरे बरोबर मध्यबिंदूवर दुमडले, आणि म्हणाले, "हा निम्मा झाला. आता उलट उघडा, म्हणजे दुप्पट." कर्णावर चौकोन उभा करावयाचा, हेच प्लेटोतले उत्तर. बाईंनी तो पत्रा हातात घेऊन दोनदा दुमडला आणि उघडला, आणि मग म्हणाल्या, "वाचा पुढे."

आता, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला तेथे येतो. या पुस्तकात न कळणारी भाषा दोन जातींची आहे. एक लेखकाची, तिच्याशी झटले की ती खुलते. दुसरीचे वर्णन लेखकाने मुद्दाम केले आहे. मठवासीयांच्या शास्त्रीय भाषेत एक शिवीवजा शब्द आहे; तो या व्यासपीठावरून उच्चारीत नाही. बाहेर ती शिवी, पण आत तो गंभीर पारिभाषिक शब्द. मऊ शब्दांनी, सोयीस्कर मोघमपणाने आणि त्याच त्या गोष्टी घोळवून ऐकणाऱ्याला असे भासवावयाचे की काही सांगितले गेले आहे; अशा बोलण्याला ते लोक हा शब्द लावतात. त्यांच्या तुरुंगाची तऱ्हाही तशीच आहे. अपराध्याला ते एक ग्रंथ पाठ करावयास लावतात. त्यात जवळजवळ अर्थ लागतो पण लागत नाही अशा मजकुराची प्रकरणे आहेत, आणि प्रत्येक प्रकरण आधीच्याहून वाईट. फार पुढची प्रकरणे पाठ करणाऱ्याची बुद्धीच नासते. एरॅस्मसलाही ही शिक्षा भोगावी लागते.

ते पान आम्ही वाचून दाखविले आणि पुढे वाचवेना. २००३ साली एका कारखान्यात आम्ही पगारवाढीच्या करारावर सही केली होती. वाढीपैकी दरमहा ९०० रुपये 'एक्स ग्रेशिया' म्हणून लिहिलेले होते. त्या शब्दाचा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता. समोर कंपनीचे वकील बसलेले, आमच्यामागे आमचे पाच सभासद उभे. विचारले असते तर पुढाऱ्याला इंग्रजी येत नाही असे झाले असते. आम्ही मान डोलावली. बाहेर येऊन गेटसभेत तोच शब्द आम्ही असा ठणकावून उच्चारला की टाळ्या पडल्या.

एक्स ग्रेशिया म्हणजे हक्काने नव्हे, मेहेरबानी म्हणून दिलेले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे हिशेब होई तो मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर, सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा, महिन्याचे दिवस २६ धरून. मेहेरबानी त्यात धरीत नसत. २०१२ साली २८ वर्षांची नोकरी करून एक सभासद निवृत्त झाले आणि हिशेबाचा कागद घेऊन आमच्याकडे आले. त्या ९०० रुपयांपायी त्यांचे साडेचौदा हजार गेले होते. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तो शब्द तुम्ही फार चांगला म्हणाला होता." ते सभासद म्हणजेच मामा.

कादंबरीत न कळलेल्या शब्दावरून पुढे जाता येते. तीन वेळा भेटला की तो आपण होऊन बोलू लागतो. करारातला शब्द दुसऱ्यांदा भेटतो तो निवृत्तीच्या दिवशी. हा फरक आम्हांस नऊशे पानांच्या अडखळण्यातून कळला, हे सांगावयास लाज वाटते, पण सांगतो. इतक्या रविवारी भर सभेत "हा शब्द आम्हांस समजला नाही" असे म्हणण्याची जिभेला सवय लागली, आणि ती सवय सोमवारीही राहिली.

पुस्तकाच्या पुढच्या भागात अनेक विश्वे एकात एक शिरतात, अंतराळयान येते, जेवणाच्या मेजावर लांबलचक वाद होतात. तो भाग आमच्या पचनी पुरता पडला नाही. मेजावरचे थोर लोक बोलतात आणि त्यांच्यामागे वाढपी उभे राहून ऐकतात, एवढे मात्र चांगले लक्षात राहिले; आमच्या तरुण फिटरने बरोबर ओळखले की सगळ्यांत जास्त वाढप्यालाच कळते आहे.

गेल्या वेळच्या करारात आम्ही शेवटी एक पान जोडावयास लावले. करारातल्या प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ त्यावर मराठीत, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. व्यवस्थापनाचे अधिकारी हसले. म्हणाले, हे काय, कादंबरी आहे काय? आम्ही होय म्हणालो. तीन शब्द असे निघाले की त्यांचा अर्थ त्यांनाही लिहून देता येईना. ते शब्द करारातून गेले.

पुस्तक आमच्या कचेरीत कपाटावर आहे. कव्हर सुटले आहे, ते पॅकिंगच्या बाईंनी खाकी चिकटपट्टीने जोडले आहे. गेल्या महिन्यापासून दुसऱ्यांदा वाचन सुरू झाले असून नवीन चार जण येतात. आपणांपैकी कोणास यावयाचे असेल त्यांनी रविवारी नऊ वाजता यावे. पेन्सिल आपली आपण आणावी. शेवटची पाने आधी उघडावयाची नाहीत, ही मामांची अट कायम आहे. ते दाराजवळच बसतात.