जुन्या मोटारीचे नवे टायर

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. ज्याच्या दारात सायकल, फटफटी, फार तर एखादा ट्रॅक्टर, त्याला जुन्या विलायती स्पोर्ट्स मोटारीच्या टायरशी काय देणेघेणे? प्रश्न रास्त आहे. पण टायर कोणत्याही वाहनाचा असो, रबराचा धर्म एकच. शिवाय जुन्या, हौसेने जपलेल्या मोटारीला टायर घेताना जे जे पाहावे लागते, ते आपण आपल्या साध्या वाहनासाठी पाहतच नाही. म्हणून मुद्दाम हे अवघड उदाहरण घेतले आहे.

एकच मोटार डोळ्यांपुढे ठेवू. इंग्लंडात ॲबिंग्डन नावाच्या गावी एम. जी. मोटारींचा कारखाना होता. तेथे १९६२ साली 'एम. जी. बी.' ही दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी मोटार निघाली आणि १९८० पर्यंत तयार होत राहिली. या अठरा वर्षांत एम. जी. बी. नावाच्या पाच लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. त्यांपैकी पुष्कळ आजही चालत्या आहेत. इंजिन दुरुस्त होते, पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंग नवा देता येतो. टायर मात्र दुरुस्त करून नवा होत नाही. तो नवाच घ्यावा लागतो. आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

टायर रिमसाठी ठरावीक मापाच्या साच्यात घडवतात. काळ बदलला तशा मोटारींच्या रिंगा मोठ्या झाल्या, टायर रुंद आणि बुटके झाले. जुन्या मापाची मागणी आटली, तसे कारखान्यांनी साचे बाजूला ठेवले. म्हणजे मोटार धडधाकट, पण तिच्या पायात घालायला जोडा नाही, अशी स्थिती. अशा वेळी मालक जे मिळेल ते चढवतो. चूक होते ती इथे.

पहिली गोष्ट, माप. टायरच्या बाजूवर आकडे असतात ते वाचायला शिकले पाहिजे. एम. जी. बी.ला सुरुवातीला ५.६०–१४ असा टायर असे. म्हणजे रुंदी ५.६० इंच आणि रिमचा व्यास १४ इंच. आपल्याकडच्या अँबॅसिडर मोटारीवर ५.९०–१५ असे आकडे असत. तीच ही पद्धत. पुढे रेडियल टायर आले आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहू लागले : १५५, १६५ वगैरे. आजच्या टायरवर आणखी एक आकडा येतो. '१६५/८० आर १४' याचा अर्थ असा की रुंदी १६५ मिलिमीटर, टायरची उंची या रुंदीच्या शेकडा ८०, 'आर' म्हणजे रेडियल, आणि रिम १४ इंचांची.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात अवश्य द्यावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा १४ इंच म्हणजे ३५५.६. टायरची उंची १६५ चे शेकडा ८०, म्हणजे १३२. ती वर एकदा आणि खाली एकदा मिळवायची, म्हणून २६४. बेरीज सुमारे ६२० मिलिमीटर. हा चाकाचा पूर्ण व्यास. आता दुकानदार म्हणाला, "साहेब, ते माप नाही, पण १७५/७० आर १४ आहे, रुंदही आहे," तर काय होईल? १७५ चे शेकडा ७०, म्हणजे १२२.५, दोनदा घेतले की २४५. व्यास भरतो सुमारे ६०१. चाक १९ मिलिमीटरने, म्हणजे शेकडा तीनने लहान झाले. पहिले चाक एका किलोमीटरला सुमारे ५१४ फेरे घेते, दुसरे ५३०. वेगाचा काटा १०० दाखवील तेव्हा मोटार खरोखर ९७ च्या वेगाने जात असेल. शिवाय गाडी साडेनऊ मिलिमीटर खाली बसेल. आधीच बुटकी, ती रस्त्यावरच्या उंचवट्याला घासण्याची भीती वाढेल. शेकडा तीनचा फरक सोसता येतो, पण तो आपण समजून सोसावा, दुकानदाराच्या बोलण्यावर नव्हे.

रुंद टायर दिसतो ऐटबाज. पण जुन्या मोटारीचे सुकाणू आणि पुढच्या चाकांची बांधणी अरुंद टायरसाठी केलेली असते. रुंद टायर घातला की सुकाणू जड होते, वळताना टायर मडगार्डला घासू शकतो, आणि सायकलसारख्या तारांची चाके असतील तर त्या तारांवर अधिक ताण येतो. म्हणून जुन्या मोटारीला शोभेपेक्षा मूळ माप अधिक मोलाचे.

दुसरी गोष्ट, टायरची वीण. टायरच्या रबराआड धाग्यांचे थर असतात. जुन्या पद्धतीत हे थर तिरपे, एकमेकांना छेद देणारे घालत. त्याला क्रॉसप्लाय म्हणतात; आपल्या बाजारात मालमोटारीचा आणि ट्रॅक्टरचा असा टायर 'नायलॉन' या नावाने ओळखला जातो. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि वरून पट्टा आवळलेला असतो. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने असा टायर १९४९ साली बाजारात आणला. रेडियलची बाजू लवचीक आणि तळ ताठ, म्हणून तो रस्ता अधिक घट्ट धरतो आणि अधिक दिवस टिकतो.

एम. जी. बी. दोन्ही प्रकारांच्या काळातली आहे, तेव्हा तिला रेडियल घालायला हरकत नाही. पण १९४५ ते १९४९ या काळातली एम. जी. टी. सी. घ्या. तिची चाके १९ इंची आणि अरुंद. ती क्रॉसप्लाय डोळ्यांपुढे ठेवूनच घडलेली. तिला तोच टायर बरा. कोणताही प्रकार घ्या, मिसळ मात्र करू नका. एका आसावर एक टायर रेडियल आणि एक क्रॉसप्लाय म्हणजे एका जोखडाला एक खिल्लार आणि एक रेडा जुंपण्यासारखे आहे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हे तर त्याहून वाईट. पुढची चाके रस्ता धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर मोटारीची शेपटी बाहेर फेकली जाते. सरळ नियम असा की चारही टायर एका जातीचे असावेत.

तिसरी गोष्ट, टायरची ताकद. मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचे. ८४ हा आकडा असेल तर तो टायर ५०० किलो पेलतो. 'एस' अक्षराचा टायर ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालतो, 'टी'चा १९० पर्यंत, 'एच'चा २१० पर्यंत. एम. जी. बी. टनाच्या आतबाहेर वजनाची आणि ताशी १७० किलोमीटरच्या आसपास धावणारी, तेव्हा तिला 'एस' किंवा 'टी' पुरे. आपल्याकडे लहान मालवाहू टेम्पोसाठी १६५ आर १४ मापाचे टायर मिळतात. त्यांवर 'एलटी' ही अक्षरे असतात. माप जुळते, किंमतही परवडते, मोह होतो. पण ते ओझ्यासाठी केलेले, बाजूने कडक. हलक्या मोटारीला ते आदळतात आणि ओल्या रस्त्यावर तिला हवी तशी पकड देत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, टायरचे वय. रबर हे झाडाच्या चिकापासून येवो की कारखान्यातून, ते हवेने म्हातारे होते. हवेतला प्राणवायू आणि ओझोन, ऊन, उष्णता ही सगळी त्याला हळूहळू कडक करतात. मग बारीक चिरा पडतात आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर बनवताना रबरात मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. टायर फिरता, दबता राहिला की तो पृष्ठभागावर येऊन रबराचे रक्षण करतो. उभ्या मोटारीला तेही मिळत नाही. म्हणजे जी मोटार कमी चालते तिचा टायर अधिक काळ टिकेल असे आपण समजतो, ते खरे नाही.

समजा, हौशी मालकाने वर्षाला १,५०० किलोमीटर मोटार चालवली. दहा वर्षांत १५,००० किलोमीटर झाले. वरची नक्षी अजून ठसठशीत दिसेल. मालक म्हणेल, "टायर नवाच आहे की!" पण तो आतून म्हातारा झालेला असतो.

याची किंमत किती भारी असते पाहा. २०१२ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एका संगीत-महोत्सवाहून तरुणांना घेऊन परतणारी बस अपघातात सापडली. पुढचा टायर फुटला आणि तीन माणसे दगावली. चौकशीत निघाले की तो टायर १९ वर्षांचा होता; त्या बसपेक्षाही जुना. त्या वेळी तेथील कायदा नक्षीची खोली मोजत होता, वय विचारत नव्हता. गेलेल्यांपैकी एका तरुणाच्या आईने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी आली.

वय ओळखायचे कसे? टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ३५१९ असे असेल तर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात तो टायर तयार झाला. बाहेरच्या बाजूला हे आकडे नसले तर आतल्या बाजूला वाकून पाहावे. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्याला हात जोडावेत. पाच वर्षांनंतर टायर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही असो, बदलावा, असा सल्ला खुद्द मिशेलिन कंपनी देते.

मिळवायचे कोठून, हा पुढचा प्रश्न. साचे पुरते गेलेले नाहीत. मिशेलिन आणि इटलीची पिरेली या कंपन्या काही जुन्या मापांचे आणि जुन्या नक्षीचे टायर आजच्या रबरात पुन्हा बनवतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातली कोकर कंपनी १९५८ पासून आहे. जुन्या मोटारींचे टायर हाच तिचा व्यवसाय झाला. इंग्लंडात ब्यूली येथे मोटारींचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्याच आवारात अशा टायरांचा व्यापारी बसतो. पण हा पुरवठा कायमचा समजू नये. मेल्कशॅम गावचा एव्हॉन कंपनीचा जुना कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद पडला.

मुंबई-पुण्याकडे जुन्या मोटारी जपणारे आहेत, त्यांना आणखी एक अडसर आहे. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि त्यासाठी परवाना लागू लागला. तेव्हा परदेशी पैसे पाठवण्याआधी सध्याचा नियम विचारून घ्यावा. नाहीतर टायर बंदरात आणि मोटार ठोकळ्यावर, असे व्हायचे.

माल मागवताना व्यापाऱ्याला आधी तारीख विचारा, मग भाव. त्या चार आकड्यांचे छायाचित्र मागवा. "जुना साठा, पण न वापरलेला" या शब्दांना भुलू नका. वीस वर्षे गोदामात पडलेला टायर न वापरलेला असेल, नवा नसतो. स्वस्त मिळाले म्हणून पुढच्या दहा वर्षांची बेगमीही करू नये. टायर म्हणजे काही कणगीतले धान्य नव्हे. लागतील तेवढे, पण सगळे एकदम घ्यावेत, आणि जादा चाकाचा पाचवा विसरू नये. गरजेच्या वेळी लावायचा तो टायरच पुष्कळदा सर्वांत म्हातारा असतो.

बसवतानाही लक्ष हवे. तारांच्या चाकाला ट्यूब लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा निसटते. ट्यूब नवी, योग्य मापाची घ्यावी. रिमचा गंज घासावा. तारांची टोके टोचत असतील तर घासून सपाट करून वर पट्टी बसवावी. आजच्या काही टायरांच्या आत बारीक कंगोरे किंवा चिकटवलेला कागद असतो. तो ट्यूबला कुरतडतो, म्हणून आधी आतून हात फिरवून पाहावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. आणि मोटार महिनोन्‌महिने एका जागी उभी ठेवू नये. ठेवावीच लागली तर ठोकळ्यांवर उचलावी, उन्हापासून दूर.

श्रोते हो, एम. जी. बी. आपल्या गावी कधी येणार नाही कदाचित. पण वर्षातून दोन महिने चालणारी ट्रॉली आहे, पडवीत उभी असलेली वडिलांची स्कूटर आहे, आणि शाळेची सहल नेणारी भाड्याची बसही आहे. या सगळ्या कमी चालणाऱ्या किंवा परक्या हातातल्या गाड्या. त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात आणि आपण नक्षी पाहून समाधान मानतो. सहलीच्या सकाळी मुले गाडीत चढण्यापूर्वी गुरुजींनी किंवा बाईंनी पुढच्या चाकाशी दोन मिनिटे वाकावे आणि ते चार आकडे वाचावेत. चालकाला राग आला तर येऊ द्यावा.