दप्तर एकाच कपाटात नको



सातारा-सांगलीच्या गावांची ही परिषद भरते आहे ते नीरेकाठचे शिरवळ हे जुने परगण्याचे ठाणे. त्या काळी वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई आणि निवाड्याच्या महजरावर पाटलाची नांगराची निशाणी व इतरांच्या निशाण्या उमटत. कागद एकट्याने फिरवणे त्यामुळे अवघड होई. ब्लॉकचेन या नोंदतंत्राचे मर्म यापेक्षा फार वेगळे नाही. नोंद अनेक संगणकांवर राहते आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा असतो. मागचा एक आकडा बदलला तरी पुढची साखळी जुळत नाही. गडचिरोलीतील एटापल्लीत २०२२मध्ये सुमारे ६५,००० जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडायचे काम हाती घेतले गेले, ते बनावट दाखल्यांना आळा बसावा म्हणून. दाखला खरा की खोटा हे ठरवायला मूळ दप्तर धुंडाळत बसण्याची गरज त्यात उरत नाही.

पण माझ्या मते या तंत्राची खरी जागा ग्रामपंचायतीच्या सभांचे ठराव लिहिण्याच्या प्रोसिडिंग बुकात आहे. सह्यांच्या वर जागा कोरी सोडायची आणि ठराव मागाहून लिहायचा, ही युक्ती इथे बसलेल्यांना मी समजावून सांगायला नको! माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने माहिती आपणहून जाहीर करायला लावले, परंतु जाहीर होते ती आजची प्रत. काल तिथे काय होते, हे कळत नाही. सभा उठण्यापूर्वी प्रोसिडिंग बुकाच्या पानांच्या छायाचित्राचा ठसा साखळीत गेला, तर मागाहून घुसडलेली ओळ लगेच उघडी पडेल.

यावर आक्षेप येतो की खोटेच लिहिले तर खोटेच कायम होईल. आक्षेप रास्त आहे. खोटे महजरही झालेच होते. म्हणून जमिनीच्या फेरफार नोंदीला हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, तशी मुदत इथेही हवी आणि चूक न खोडता दुरुस्तीची नवी नोंद जोडावी. लोकांची नावे, आधार क्रमांक साखळीत घालूच नयेत. तिथे ठसा पुरे. मतदानाला मात्र हे तंत्र लावण्याची घाई नको, कारण तिथे मत गुप्त राहणे हीच पहिली अट आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. साखळीचे सगळे संगणक एकाच खात्याच्या ताब्यात राहिले, तर कपाट तेच, फक्त कुलूप महागडे. तेव्हा प्रती जिल्हा परिषद, तहसील, विद्यापीठ आणि शेजारचा तालुका यांपैकी कोणाकोणाकडे असाव्यात, हा विषय पहिल्याच सत्रात घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो.