धर्मगुरूंच्या हाती राज्याचा शिक्का



ज्यू लोकांचा मुख्य रब्बी म्हटले की कॅथलिकांच्या पोपसारखी किंवा आपल्याकडच्या पीठाधीश शंकराचार्यांसारखी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. ही कल्पना मुळातच चुकीची आहे. ज्यू परंपरेत रब्बी हा धर्मशास्त्र जाणणारा पंडित असतो. तो शिकवतो, विचारलेल्या प्रश्नाला शास्त्राधारे उत्तर देतो, तंटा आला तर निवाडा सांगतो. दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होऊ शकते. रब्बी तेथे हजर असलाच पाहिजे असे नाही. विवाहालादेखील शास्त्राच्या दृष्टीने मुख्यतः दोन लायक साक्षीदार लागतात. एका रब्बीचे मत दुसऱ्याला पटले नाही, तर तो आपले वेगळे मत ग्रंथ लिहून मांडतो, आणि अशा शतकानुशतकांच्या वादविवादांतूनच या धर्माची बौद्धिक परंपरा घडली. मग साऱ्या रब्बींच्या वर बसणारा हा मुख्य रब्बी आला कोठून?

तो आला राजवाड्यातून. मध्ययुगीन कास्तिलमध्ये राजा एक दरबारी रब्बी नेमीत असे. ज्यूंचे न्यायदान आणि ज्यूंकडून होणारी करवसुली यांवर राजाची नजर राहावी, हा त्यातला हेतू होता. या पदावरचा शेवटचा गृहस्थ अब्राहम सेनियोर हा करवसुलीचा मोठा मक्तेदार होता. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर हाकलण्याचा हुकूम निघाला तेव्हा त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो मागे राहिला. ज्यांचा तो प्रमुख म्हणवला जात होता ते हजारोंनी परागंदा झाले. पुढे नेपोलियनने १७ मार्च १८०८ च्या फर्मानाने फ्रान्समध्ये ‘कॉन्सिस्ट्वार’ नावाची मंडळे स्थापून त्यांत मुख्य रब्बी बसवले. लष्करी सेवा हे पवित्र कर्तव्य आहे, असे लोकांना समजावून सांगणे हेदेखील रब्बींच्या कामात घातले गेले. ऑटोमन सुलतानाने १८३५ मध्ये इस्तंबूलला ‘हाखाम बाशी’ हे पद अधिकृत केले. ग्रीक आणि आर्मेनियन ख्रिस्त्यांना जसा धर्मप्रमुख होता तसा ज्यूंनाही एक असला म्हणजे कारभार सोपा जातो, हा त्यामागचा सरळ हिशेब. प्रजेशी एकेका माणसाप्रमाणे बोलण्याऐवजी तिच्या एका पुढाऱ्याशी बोलणे साम्राज्यांना नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानात हेच केले, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडमधला प्रकार थोडा निराळा. तेथे हे पद कायद्याच्या दंडुक्यावर उभे नाही. ‘युनायटेड सिनेगॉग’ ही संस्था १८७० च्या कायद्याने उभी राहिली, आणि मुख्य रब्बीचा अधिकार मुख्यतः तिच्या छत्राखालच्या प्रार्थनामंदिरांपुरता चालतो. सुधारणावादी ज्यू त्याला आपला धर्मप्रमुख मानीत नाहीत, अतिसनातनीही मानीत नाहीत. तरी राजदरबारी आणि वृत्तपत्रांत साऱ्या ज्यू समाजाचा आवाज म्हणून तोच ऐकला जातो. मुख्य रब्बी इझ्राएल ब्रोडी यांनी लुई जेकब्झ या विद्वानाला आधी ज्यूज कॉलेजचे प्राचार्यपद मिळू दिले नाही आणि १९६४ मध्ये त्याच्या जुन्या मंदिरातही परतू दिले नाही. तोरा हा ग्रंथ जसाच्या तसा आकाशातून उतरला नसून त्याच्या घडणीत माणसांचाही हात आहे, एवढेच म्हणण्याचे धाडस जेकब्झ यांनी केले होते. त्यांच्या चाहत्यांनी स्वतःचे निराळे मंदिर काढले आणि प्रश्न तेथे मिटला. निराळे मंदिर काढण्याची मुभा होती म्हणूनच तो मिटला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या विवेचनात तिचे काम पडणार आहे. पुढे इमॅन्युएल जाकोबोविट्स मुख्य रब्बी झाले. शहरांतल्या दारिद्र्याबद्दल अँग्लिकन चर्चने १९८५ मध्ये अहवाल काढून सरकारला जाब विचारला, तेव्हा या रब्बींनी गरिबांना स्वावलंबनाचा आणि कष्टाचा उपदेश केला. थॅचरबाईंना तो भलताच आवडला. १९८८ मध्ये जाकोबोविट्स उमरावांच्या सभागृहात जाऊन बसले.

आणि जेथे राजाही नाही आणि कायदाही नाही, तेथे काय झाले? १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या काही सनातनी मंदिरांनी एकत्र येऊन व्हिल्नाहून जेकब जोसेफ या व्यासंगी रब्बीला मुख्य रब्बी म्हणून बोलावून घेतले. त्यांच्या कचेरीच्या खर्चासाठी धर्मशुद्ध रीतीने कापलेल्या कोंबडीवर शिशाचे लेबल लावायचे आणि त्यापोटी एक सेंट घ्यायचा, असे ठरले. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या निर्वासित ज्यू कुटुंबांना हा सेंट पाहताच झारशाहीतला मांसावरचा कर आठवला. बायका संतापल्या, खाटीक बिथरले, दुसऱ्या रब्बींनी आपापले मुख्यपद जाहीर केले. काही वर्षांत सारा डोलारा कोसळला, आणि बिचारे जोसेफ आजारी व उपेक्षित अवस्थेत १९०२ मध्ये वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला मात्र हजारोंचा समुदाय लोटला. त्या यात्रेवर एका छपाईयंत्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी वरच्या मजल्यांवरून लोखंडाचे तुकडे फेकले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या त्या शोक करणाऱ्यांवरच. कामगार चळवळीच्या इतिहासातले हे पान सुखाचे नाही, पण ते फाडूनही टाकता येत नाही. अमेरिकेत त्यानंतर साऱ्या देशाचा असा मुख्य रब्बी झालेला नाही आणि तेथील ज्यू धर्माचे त्यामुळे काही अडलेले दिसत नाही.

आता पॅलेस्टाइनकडे वळू. तेथे ब्रिटिश हायकमिशनर हर्बर्ट सॅम्युएल यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये मुख्य रब्बींचे मंडळ स्थापन झाले. युरोपीय वळणाच्या अश्केनाझी ज्यूंसाठी अब्राहम इसहाक कूक आणि सेफार्दी ज्यूंसाठी याकोव्ह मेईर असे दोन मुख्य रब्बी निवडले गेले. ही दुहेरी पद्धत आजही चालू आहे. १९४८ मध्ये इस्रायलचे राज्य जन्माला आले ते मजूरवादी मापाई पक्षाच्या नेतृत्वाखाली. हिस्ताद्रुतसारखी कामगार संघटना आणि किबुत्झांचे सामुदायिक जीवन यांमुळे जगभरचे समाजवादी त्या राज्याकडे कौतुकाने पाहत. १९५३ च्या जानेवारीत रंगूनला भरलेल्या आशियाई समाजवादी परिषदेत भारतीय समाजवादी आणि मापाईचे प्रतिनिधी एकत्र बसले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, एक कायदा केला: देशातल्या ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट फक्त रब्बींच्या न्यायालयाच्या अधिकारात राहतील. नोंदणी पद्धतीच्या विवाहाची सोयच ठेवली नाही. बहुमतासाठी धार्मिक पक्षांची साथ हवी होती, त्याची ही किंमत. बेन गुरियन स्वतः धर्माचरण पाळणारे गृहस्थ नव्हते. जे त्यांना स्वतःला नको होते ते त्यांनी दुसऱ्यांच्या संसारावर लादले, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

या कायद्याची सर्वांत कठोर झळ ज्या लोकांना बसली त्यांत कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची गणना करावी लागेल. अलिबाग, पेण, रोहे या बाजूच्या मंडळींना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आपले पूर्वज तेथे लागले, अशी त्यांची परंपरा आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे पेणकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर अशी. सुंता, सब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले; लोक त्याला मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. या समाजात काजी होते, पुढे हज्जान आले, कोचीनकडून शिक्षक आले. रब्बी मात्र नव्हता, मग मुख्य रब्बीचा प्रश्नच कुठला! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यात मराठी कीर्तनेही सुरू झाली आणि बायबलमधल्या पुरुषांची आख्याने त्यांनी आपल्या चालींवर लावली.

१९४८ नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले. पहिल्या काही वर्षांतच रंगावरून होणारा दुजाभाव आणि कामाच्या वाटपातला अन्याय यांना कंटाळून काहींनी १९५१ मध्ये तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात ठिय्या दिला आणि आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा अशी मागणी केली. १९५२ मध्ये त्यांना खरोखरच परत पाठवले गेले. पुढे त्यांतले बरेचजण पुन्हा इस्रायलला गेले. पण भाकरीच्या प्रश्नापेक्षा अधिक जिव्हारी लागणारा प्रश्न लग्नाच्या वेळी उभा राहू लागला. निरनिराळ्या गावचे रब्बी बेने इस्रायल मुला-मुलींचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यास नकार देऊ लागले.

आक्षेप असा: ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे नवऱ्याने रीतसर सोडपत्र दिल्याशिवाय स्त्रीने दुसरे लग्न केले, तर त्या संबंधातली संतती ‘मामझेर’ ठरते आणि तिला व तिच्या वंशजांना सामान्य ज्यूंशी लग्न करता येत नाही. शेकडो वर्षे रब्बींवाचून राहिलेल्या या लोकांना सोडपत्राचे नियम ठाऊक नव्हते. म्हणजे त्यांच्यात कुठे ना कुठे असा दोष असणार. त्यावर बेने इस्रायल समाजाचे उत्तर साधे होते. आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसे आणि कोकणातल्या शेजाऱ्यांप्रमाणे विधवाविवाहाचीही चाल नव्हती. मग दोष यायचा कोठून? हे उत्तर विधवांच्या दृष्टीने काही अभिमानाचे नाही, हे कबूल केले पाहिजे. पण रब्बींच्या तर्काला ते पुरेसे होते.

मुख्य रब्बी मंडळाने ऑक्टोबर १९६१ मध्ये या समाजाशी विवाह करण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. त्या वेळी अश्केनाझी मुख्य रब्बीची जागा रिकामी होती आणि बगदादमध्ये जन्मलेले सेफार्दी मुख्य रब्बी इसहाक निस्सीम हे एकटेच पदावर होते. अतिसनातन्यांनी गिल्ला केला. मग फेब्रुवारी १९६२ मध्ये अंमलबजावणीच्या सूचना निघाल्या आणि उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घेतले गेले. बेने इस्रायल उमेदवाराच्या आईची, आजीची आणि त्यामागेही जितके जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बीने करावी. वंशात परधर्मीय किंवा अशास्त्रीय पुनर्विवाह शिरला नाही ना, हे पाहावे. पोलंडहून आलेल्याला, मोरोक्कोहून आलेल्याला अशी सरसकट चौकशी नव्हती. ती फक्त कोकणातून आलेल्यांना होती. कामगार वस्तीत राहणाऱ्या एखाद्या पोराने आपली पणजी कोणत्या साली कोणत्या गावी कोणाशी लग्न करून गेली याचा कागद आणायचा कोठून? आणि इंग्लंडमधल्या जेकब्झ यांच्याप्रमाणे दुसरे मंदिर काढण्याची वाट येथे बंद होती, कारण दाराला कुलूप राज्याचे होते.

हे लोक गप्प बसले नाहीत. स्वातंत्र्यलढ्याने या देशात घरोघर पोचवलेला मार्ग त्यांनी तेथे अवलंबिला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरच्या वसाहतींतून बेने इस्रायल कुटुंबे जेरुसलेमला आली आणि बायकामुलांसह धरणे धरून बसली. प्रश्न इतका तापला की १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक बोलवावी लागली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी निवेदन केले आणि सभागृहाने ठराव केला: भारतातून आलेला बेने इस्रायल समाज सर्वार्थाने ज्यू आहे, विवाहादी वैयक्तिक बाबींसह सर्व बाबतींत त्याचे हक्क इतरांइतकेच आहेत, आणि मुख्य रब्बी मंडळाने भेदभावाची कारणे दूर करावीत. दोन आठवड्यांनी मंडळाने सूचनेतले ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले आणि त्या जागी, ज्याच्याविषयी शंका येईल असा कोणीही, अशा अर्थाचे शब्द घातले. चौकशीचे हत्यार म्यानात गेले, मोडले नाही. लोकनियुक्त संसदेने धर्मपीठाला विनंती केली. कायदा बदलण्याची हिंमत तिला झाली नाही.

ते हत्यार पुन्हा बाहेर आलेच. सेफार्दी मुख्य रब्बी ओवाडिया योसेफ यांनी १९७३ मध्ये इथिओपियातल्या ज्यूंना ज्यू म्हणून मान्यता दिली होती. तरीही १९८४-८५ च्या विमानांतून आलेल्या या कृष्णवर्णीयांना विवाहाआधी शुद्धीचे स्नान करा असे मुख्य रब्बी मंडळाने सांगितले. १९८५ मध्ये त्यांनी जेरुसलेमला महिनाभर धरणे धरले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर आलेल्यांपैकी लाखो लोकांना राज्य नागरिकत्व देते, सैन्यात घेते, परंतु रब्बींच्या लेखी ते ज्यू नसल्याने त्यांना मायदेशात ज्यू जोडीदाराशी विवाह करता येत नाही. मंडळाचा संशय आता सरहद्दी ओलांडून गेला आहे. परदेशातल्या सुमारे १६० रब्बींची, ज्यांचे दाखले नाकारले गेले त्यांची, यादी २०१७ मध्ये बाहेर आली. त्याच वर्षी अश्केनाझी मुख्य रब्बीपद दहा वर्षे भूषविलेले योना मेत्झगर लाचखोरीच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात गेले. दुसऱ्याच्या पणजीचे चारित्र्य तपासणाऱ्या कचेरीची ही कथा.

२०२४ मध्ये दीडशे जणांच्या निवडमंडळाने नवे दोन मुख्य रब्बी निवडले. सेफार्दी पदावर आलेले डेव्हिड योसेफ हे ओवाडिया योसेफ यांचे पुत्र, आणि त्यांच्या आधी त्या पदावर असलेले इसहाक योसेफ हे त्यांचे सख्खे भाऊ. १९५३ चा कायदा कायम आहे. ज्यांना तो नको त्यांनी पळवाट शोधली आहे. विमानाने सायप्रसला जायचे, तेथल्या नगरपालिकेत लग्न लावायचे आणि परत येऊन गृहखात्यात नोंद करायची. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच ही नोंद करणे खात्यावर बंधनकारक केले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने दूरचित्रसंवादावरून अमेरिकेतल्या यूटा राज्यात लावलेले विवाहही नोंदवून घ्यायला लावले. मात्र अशा ज्यू जोडप्याचे पुढे पटले नाही, तर घटस्फोटासाठी दोघांनाही रब्बींच्या न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.