आधी महाधमनी, मग हृदय

कोल्हापुरातल्या या परिषदेत हृदयविकाराचा विषय निघाला की तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल ही नावे आपसूक तोंडी येतात. मला बोलायचे आहे ते यांपैकी काहीच नसलेल्या रुग्णांविषयी. तिशीतली बाई छातीत कळ येते म्हणून येते आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन परत जाते. तिची डाव्या मनगटाची नाडी लागत नाही, हे कुणी पाहिलेलेच नसते. यामागे महाधमनीचा दाह असू शकतो. या दाहाला नाव मिळाले ते मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाचे. त्यांनी १९०८ साली दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण नोंदवली. पण हा आजार आपल्याला परका नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर १९७३ साली ग्रंथच लिहिला. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या बऱ्याचदा या दाहात सापडतात, म्हणून रक्तदाब चढतो. त्यातही एक चकवा आहे. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर दंडावरचा आकडा खोटा निघतो. तेव्हा पट्टा मांडीलाही बांधून पाहावा लागतो.

माझे म्हणणे असे की या रुग्णांत हृदयधमनीचा अडथळा हा मूळ रोग नव्हे. महाधमनीच्या भिंतीतली सूज हृदयधमनीच्या मुखात शिरते. म्हणून अडथळा बहुधा अगदी तोंडाशी असतो, पुष्कळदा डाव्या मुख्य धमनीच्या, आणि पुढची नळी कधी कधी अगदी स्वच्छ दिसते. दाह पेटलेला असताना तिथे स्टेंट बसवला तर ती जागा पुन्हा आवळण्याची भीती जास्त. कुणी म्हणेल, डावी मुख्य धमनी बंद पडत असताना स्टेरॉइडचा परिणाम होईपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही, जीव आधी. पण ज्याला थांबणे परवडते त्याचा दाह आधी आटोक्यात आणायला हवा, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यावरचे उपचार स्टेंटपाशी संपत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की ईएसआर आणि सीआरपी नॉर्मल असले तर दाह विझला असे का समजू नये? अमेरिकेतल्या एनआयएचच्या १९९४ सालच्या अभ्यासात, आजार शांत वाटणाऱ्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींपैकी ४४ टक्क्यांत दाह जिवंत होता. शिवाय जुना दाह आणि लांबलेले स्टेरॉइड यांनी नेहमीचा चरबीचा थरही लवकर धरतो. वय कमी आहे म्हणून स्टॅटिनचा विचारच न करणे मला पटत नाही.

इतक्या विरळ आजारासाठी गर्दीच्या ओपीडीत वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप मला सर्वांत लंगडा वाटतो. दोन्ही हातांचा दाब, मानेवर आणि पोटावर स्टेथोस्कोप. वेगळे यंत्र लागत नाही, खर्चही नाही. शल्यचिकित्सकांना मात्र दोन गोष्टी आवर्जून सांगेन. डाव्या हाताची धमनी रोगट असेल तर तिच्यातूनच निघणारी छातीची आतली धमनी बायपाससाठी भरवशाची नसते, तेव्हा अँजिओग्राफीत तीही पाहून घ्या. आणि शिरेचे कलम महाधमनीला जोडताना पंचने भिंतीची जी बारीक चकती निघते, ती टाकून न देता फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे पाठवा. पुढे औषध कमी करायचे की वाढवायचे हे ठरवताना तो अहवाल फार उपयोगी पडतो.