हिशेब पाळण्यापर्यंतचा



स्त्रीरोगतज्ज्ञांच्या या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. औपचारिक बोलणे इथेच संपवते, कारण आज मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. वंध्यत्वाच्या उपचारांत आपण जे ‘यश’ मोजतो, ते नेमके कुठे थांबून मोजतो?

फलकांवर मोठमोठी टक्केवारी असते. पण ती कशाची? बीटा एचसीजी पॉझिटिव्ह आल्याची, सोनोग्राफीत ठोके दिसल्याची, की मूल जन्मल्याची? आणि भागले कितीने? ज्यांच्यात भ्रूणरोपण झाले तेवढ्यांनीच, की इंजेक्शने सुरू केलेल्या सगळ्यांनी? जिची स्त्रीबीजे हाती आलीच नाहीत, जिचे पैसे मध्येच संपले, ती या हिशेबात कुठेच नसते. उलट चाचणी पॉझिटिव्ह येऊन आठव्या आठवड्यात गर्भपात झाला, तरी ते यशच. साखरपुडे मोजून लग्नांचा आकडा सांगावा, तसे हे झाले. वंध्यत्वावरील उपचारांच्या चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याचे निकष 2014 मध्ये जगभरच्या जाणकारांनी ठरवले. मुख्य निकाल म्हणून त्यांनी पसंती दिली ती जिवंत जन्माला.

या शिस्तीने काय साधते ते पाहा. भ्रूणरोपणाआधी गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढण्याची टूम 2003 नंतर जगभर पसरली, आपल्याकडेही आली. 2019 मध्ये 1364 स्त्रियांवरील चाचणीचा निकाल लागला. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत जिवंत जन्म 26.1 टक्केच! फरक पडला तो वेदनेत आणि बिलात.

दुसरे उदाहरण लेट्रोझोलचे. सुमारे दीडशे बाळांच्या माहितीवरचा एक निबंध 2005 मध्ये एका परिषदेत वाचला गेला आणि या औषधाने जन्मदोष होतात ही भीती पसरली. पुढच्याच वर्षी कॅनडातील 911 बाळांच्या अभ्यासात तसे काही आढळले नाही. तरीही आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली. 2014 मध्ये पीसीओएस असलेल्या 750 स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलने 27.5 टक्के, तर क्लोमिफेनने 19.1 टक्के जिवंत जन्म झाले. आपली बंदी उठली 2017 मध्ये. बंदीआधी हे औषध आपण सर्रास लिहून देत होतो. त्या बाळांच्या नोंदी आपण सर्वांनी एकत्र मांडल्या असत्या, तर परदेशी आकड्यांची वाट पाहावी लागली नसती.

मात्र जिवंत जन्मावरही थांबून चालत नाही. चीनमधील 2016 च्या चाचणीत पीसीओएस असलेल्या 1508 स्त्रिया होत्या. ताज्या भ्रूणाऐवजी गोठवलेला भ्रूण वापरल्यावर जिवंत जन्म 42 टक्क्यांवरून 49.3 टक्क्यांवर गेले. बीजग्रंथी फुगण्याचा धोकाही घटला. पण प्रीएक्लॅम्प्सिया 1.4 टक्क्यांवरून 4.4 टक्क्यांवर गेला. नवव्या महिन्यापर्यंत आईचा रक्तदाब पाहिला नसता, तर ही दुसरी बाजू कळलीच नसती.

आपल्याकडे हा धागा तुटतो कुठे, ते तुम्ही जाणता. शहरातल्या केंद्रात दिवस राहतात, तिसऱ्या महिन्यात बाई गावातल्या डॉक्टरांकडे येते आणि बाळंतपणाला माहेरी जाते. तीन दवाखाने, तीन फायली. जुळी होती का, मुदतीआधी झाली का, काचेच्या पेटीत किती दिवस होती, हे पहिल्या केंद्राला कुणी कळवत नाही. निदानातही फाईल अशीच अपुरी राहते. सुनेची दुर्बिणीतून तपासणी होऊन जाते आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी ‘त्याला काही नाही’ म्हणून राहून जाते.

कागदाची किंमत किती असते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 3 ऑक्टोबर 1978 रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तीही गोठवलेल्या भ्रूणातून. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. 1981 मध्ये त्यांनी जीवन संपवले. मुंबईच्या केईएममध्ये 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूला यश आले आणि ‘देशातले पहिले’ हा मान त्यांना मिळाला. पुढे आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे वाचली आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचाच, असे 1997 मध्ये स्वतः लिहून जाहीर केले. न्याय उशिरा झाला. टिपणे नसती, तर झालाच नसता.

आता वंध्यत्वाच्या उपचारांसाठीच्या 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही आणली आहे. पण सरकारसाठी रकाने भरणे वेगळे आणि आपले आकडे आपण वाचणे वेगळे. म्हणून मी तीन गोष्टी सुचवते. उपचार सुरू केलेल्या प्रत्येक जोडप्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. पत्नीची दुर्बीण ठरवण्याआधी पतीचा वीर्यअहवाल फायलीत असावा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर महिनाभरात फोन करून आठवडे, वजन, आईचा रक्तदाब आणि साखर, बाळ एक की जुळी, हे विचारून लिहावे.

पुढच्या वर्षीचे पहिले सत्र या आकड्यांसाठीच राखून ठेवावे, असा ठराव मी मांडते. त्या सत्रात माझ्या दवाखान्याचे आकडे मी सर्वांत आधी वाचेन, मग ते फलकावर लावण्याजोगे असोत वा नसोत. दुसरा वाचक कोण, त्याने आजच नाव द्यावे.