खारं पाणी, गोडं पाणी आणि निसर्गाची गाळणी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आपल्या सर्वांचं अभिनंदन! चणकापूर आणि पुनंद धरणांच्या तालुक्यात हा माणूस खाऱ्या पाण्यावर का बोलतोय, असं आपल्याला वाटेल. पण बोअरच्या पाण्यातले क्षार काढायला आता घरोघरी आरओ मशीन आलंय. समुद्राचं पाणी गोडं करणारे मोठे कारखानेही बहुतेक याच पद्धतीने चालतात. दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून ढकलायचं आणि क्षार अलीकडेच ठेवायचे.

निसर्ग हे काम फार पूर्वीपासून करतो आहे. कोकणातल्या खाडीत तिवराचं झाड खाऱ्या चिखलात उभं असतं. बहुतेक मीठ ते मुळाशीच अडवतं आणि आत शिरलेलं पानांवाटे बाहेर टाकतं. आपल्या किडन्या तर रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, पण लघवीवाटे जातं जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं शरीर परत घेतं.

हे कसं घडतं, याचा एक मोठा धागा अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर एग्री यांना 1992 च्या सुमारास सापडला. पेशीच्या आवरणात प्रथिनाची सूक्ष्म नळी असते, तिचं नाव ॲक्वापोरिन. गडावरच्या दर्शनबारीसारखे पाण्याचे रेणू तिच्यातून एकामागे एक जातात, क्षारांना मात्र प्रवेश नाही. या शोधासाठी त्यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आता डेन्मार्कमध्ये अशी प्रथिनं बसवलेले पडदे तयार होतात. कमी दाबात जास्त पाणी मिळावं, वीज वाचावी, हा त्यामागचा हेतू.

पण पडदा कितीही सुधारला, तरी अडवलेले क्षार वाहून न्यायला थोडं पाणी लागणारच. निसर्ग ते जपून वापरतो. आपल्याकडची बरीच मशीन मात्र एक लिटर पिण्याचं पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतात.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली कमिटीला. बोअरचं आणि नळाचं पाणी तपासून आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तो त्याहून कमी असेल, तर नुसत्या टीडीएससाठी आरओची गरज नाही. जंतूंची तपासणी मात्र वेगळी करून घ्यावी.

दुसरी विनंती घरच्या मंडळींना. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशीला आणि संडासाला वापरा. कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

एवढं केलं, तरी किडनीकडून आपण काहीतरी शिकलो म्हणायचं.